जुन्या स्थलनिर्देशक नकाशांवरून आपल्या तालुक्याचा इतिहास कसा शोधावा

गोव्याचा लिहिलेला इतिहास मुख्यतः राजधान्यांभोवती फिरतो. चंद्रपूर, गोपकपट्टण, जुने गोवे आणि पणजी यांच्याविषयी वाचायला पुष्कळ मिळते. पण सांगे, केपे, सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातील एखादा वाडा कधी वसला, तिथले लोक कोणत्या वाटेने बाजाराला जात आणि पाणी कुठून आणत, हे जाणून घ्यायचे म्हटले की कागद अपुरे पडतात. अशा वेळी जुने स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात टोपोशीट म्हणतो ते, फार मोलाचे साधन ठरतात. मोजणीदाराला इतिहास लिहायचा नव्हता. परंतु विहीर, पायवाट, बांध, देऊळ, क्रूस, पडका तट, दहा-बारा घरांची वस्ती, असे जे जे त्याच्या समोर आले ते त्याने त्या त्या जागी चिन्हाने नोंदवले, आणि पुढे त्या जागेचे रूप पार बदलले तरी ती नोंद टिकून राहिली.

हे नकाशे प्रथमच हाताळणाऱ्या वाचकासाठी पुढे क्रमाने पायऱ्या सांगितल्या आहेत. उदाहरणे शक्यतो सांगे तालुक्यातील घेतली आहेत, कारण गेल्या साठ वर्षांत भूमीचे रूप जितके तिथे पालटले तितके गोव्याच्या फार थोड्या भागांत पालटले असेल.

पहिली पायरी : एकच गाव निवडा

संपूर्ण तालुका एकदम हाती घेऊ नये. ज्या गावात आपली ऊठबस आहे, जिथल्या वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलता येते, असे एक गाव निवडावे आणि त्याभोवतीचा चार-पाच किलोमीटरचा परिसर ठरवून घ्यावा. त्यानंतर एकच प्रश्न लिहून काढावा. ‘आमच्या गावचा इतिहास’ हा विषय नकाशाला विचारण्याजोगा नाही. ‘पूल होण्यापूर्वी गावातून नदीपलीकडे कुठून जात असत’ किंवा ‘धरणापूर्वी गावाची शेती कुठवर होती’ हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत, कारण त्यांची उत्तरे जागेशी बांधलेली आहेत.

गाव निवडताना तालुक्यांच्या सीमा बदलत आल्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे. आजचा धारबांदोडा तालुका अलीकडच्या काळात निर्माण झाला असून त्यातील कुळे, मोले यांसारखी गावे जुन्या नकाशांत आणि दप्तरांत सांगे तालुक्यात सापडतात. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींच्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या) महालांची कागदपत्रे सोळाव्या शतकापासून मिळतात, तर फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी आणि दक्षिणेकडचे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली आल्यामुळे तेथील पोर्तुगीज नोंदी त्यानंतरच्या असतात. आपले गाव यांपैकी कोणत्या भागात येते, यावर पुढे कोणते दप्तर उघडायचे ते ठरते.

दुसरी पायरी : योग्य पत्रक शोधा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक पत्रकाला क्रमांक असतो आणि तो कसा तयार होतो हे एकदा समजले की शोधाशोध बरीच कमी होते. चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांश व्यापणाऱ्या मोठ्या चौकोनाला एक आकडा दिलेला आहे. गोवा ४८ या चौकोनात येतो. त्या चौकोनाचे एक-एक अंशाचे सोळा भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरे दिली आहेत आणि प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे करून त्यांना १ ते १६ आकडे दिले आहेत. आकडे वरून खाली उतरतात आणि मग पुढच्या, म्हणजे पूर्वेकडच्या, रकान्यात वरून पुन्हा सुरू होतात. गोव्याचा पश्चिमेकडचा भाग ४८ ई मध्ये, पूर्वेकडचा ४८ आय मध्ये आणि दक्षिणेचे टोक ४८ जे मध्ये येते. पणजी ४८ ई/१५ वर मिळते, म्हापसा ४८ ई/१४ वर, तर सांगे, रिवण आणि साळावलीचे खोरे ४८ आय/४ वर. सांगे तालुक्याचा उत्तरेकडचा भाग ४८ आय/३ वर आणि सह्याद्रीच्या धारेकडचा भाग शेजारच्या पत्रकांवर जातो. म्हणून गाव कडेला असेल तर लगतचे पत्रकही सोबत घ्यावे.

या पत्रकांचे प्रमाण १:५०,००० असते, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर दाखवतात, आणि समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) सामान्यतः वीस मीटर उंचीचे अंतर असते. १:२५,००० प्रमाणाचे पत्रक पाहायला मिळाले तर ते अवश्य पाहावे. एकेक घर आणि बांध त्यावर अधिक स्पष्ट दिसतो. नव्या मुक्त शृंखलेतील (ओपन सीरीज मॅप) पत्रकांचे क्रमांक वेगळे असून गोव्याच्या पत्रकांचा क्रमांक डी ४३ ने सुरू होतो. ती पत्रके सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि आजची स्थिती समजण्यासाठी ती पायाभूत म्हणून पुरेशी आहेत.

जुन्या आवृत्त्यांसाठी थोडे हिंडावे लागते. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने विसाव्या शतकाच्या मध्यास तयार केलेली १:२,५०,००० प्रमाणाची यू ५०२ ही मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आंतरजालावर खुली ठेवली आहे. या प्रमाणावर विहिरी आणि वाडे दिसत नाहीत, परंतु मुक्तीपूर्व काळातील मुख्य रस्ते, रेल्वे आणि घाटवाटा यांचा सांगाडा कळतो. पणजीचे पुराभिलेख खाते, ज्याच्या दप्तराची सुरुवात १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु यांच्या नेमणुकीपासून मानली जाते, आणि पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची मुळे १८३२ पर्यंत जातात, या दोन ठिकाणी पोर्तुगीज काळातील नकाशे आणि आराखड्यांची चौकशी करावी. जाताना गावाचे नाव, तालुका आणि आपला प्रश्न कागदावर लिहून न्यावा; अभिलेखपालाला ‘जुने नकाशे दाखवा’ म्हणण्यापेक्षा ‘साळावली नदीच्या काठच्या गावांचे १९६१ पूर्वीचे आराखडे आहेत का’ असे विचारले तर शोध नेमका होतो.

किनारपट्टीच्या आणि सीमावर्ती पत्रकांवर पूर्वी निर्बंध होते. ज्या जुन्या प्रतीवर तसा शिक्का असेल तिचे छायाचित्र परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये.

तिसरी पायरी : कडेचा मजकूर आधी वाचा

नवखा वाचक लगेच आपले घर शोधू लागतो. त्याआधी नकाशाच्या चौकटीबाहेरचे सगळे वाचून घ्यावे. मोजणी कोणत्या वर्षांत झाली आणि पत्रक छापले कधी, या दोन वेगळ्या तारखा असतात आणि इतिहासासाठी मोजणीची तारीख महत्त्वाची असते. छपाई नंतरची आणि मोजणी दशकभर आधीची असेल, तर त्या नकाशात दिसणारे गाव छपाईच्या वर्षी तिथे होते असे म्हणता येत नाही. काही पत्रकांत फक्त रस्ते आणि धरणे अद्ययावत करून बाकीचे सारे जुन्या मोजणीवरून घेतलेले असते. तशी नोंदही कडेलाच मिळते.

त्यानंतर चिन्हांची सूची पाहावी. तपकिरी रंग उंचीचा, निळा पाण्याचा, हिरवा झाडीचा, पिवळा लागवडीचा आणि लाल रंग रस्ते व वस्त्यांचा, ही सर्वसाधारण रीत आहे. गाडीवाट, जनावरांच्या तांड्याची वाट आणि पायवाट यांच्या रेषा वेगवेगळ्या असतात आणि गोव्याच्या अभ्यासात हा भेद फार कामाचा आहे, कारण घाटावरून मीठ आणि धान्य यांची ने-आण अशाच वाटांनी चालत असे. बांध किंवा तळ्याशेजारी आकड्यापुढे इंग्रजी ‘आर’ अक्षर दिसले तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसून आसपासच्या जमिनीच्या तुलनेतली उंची किंवा खोली असते. हे माहीत नसेल तर तीन मीटरचा बांध नकाशात भलत्याच उंचीवर असल्याचा समज होतो.

नावांच्या बाबतीत सावध राहावे. जुन्या नकाशांत डिचोलीसाठी बिचोलिम, साखळीसाठी सांकेलिम, चोडणसाठी शोरांव अशी रूपे येतात आणि वाड्यांची नावे तर मोजणीदाराने कानाला जशी लागली तशी लिहिलेली असतात. एखादे नाव सापडले नाही म्हणून जागा नाही असे समजू नये. नदीचे वळण आणि टेकडीचा आकार जुळवून जागा निश्चित करावी आणि नावांची सर्व रूपे वहीत एकत्र ठेवावीत.

चौथी पायरी : दोन काळ एकावर एक ठेवा

खरा अभ्यास इथे सुरू होतो, म्हणून या पायरीला पुरेसा वेळ द्यावा. हाताने करायचे असल्यास दोन्ही पत्रके एकाच प्रमाणावर छापून घ्यावीत, एकावर अर्धपारदर्शक कागद ठेवून नद्या, रेल्वे आणि देवळे गिरवावीत आणि तो कागद दुसऱ्या पत्रकावर सरकवून बसवावा. मी नवख्यांना आधी हीच रीत सुचवतो, कारण गिरवताना प्रत्येक रेषेवर हात फिरतो आणि डोळ्यांतून सुटलेल्या गोष्टी लक्षात येतात.

संगणकावर करायचे असल्यास क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. तिच्यातील जिओरेफरन्सर या साधनाने जुन्या नकाशाची प्रतिमा उघडून त्यावरील ठळक बिंदू आजच्या नकाशावरील त्याच बिंदूंशी जोडायचे असतात. असे निदान सहा-आठ बिंदू पत्रकाच्या चारही बाजूंना पसरलेले असावेत. बिंदू म्हणून जुनी चर्चे, किल्ल्यांचे बुरूज, रेल्वेमार्ग आणि ओढा यांचे छेद घ्यावेत. नदीची मुखे, वाळूचे पट्टे आणि रस्त्यांची वळणे घेऊ नयेत, कारण ती सरकलेली असतात. देवळांच्या बाबतीत मात्र चौकशी करूनच बिंदू ठरवावा. काही देवळे स्थलांतरित झालेली आहेत. जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर (गोलाभ म्हणजे पृथ्वीच्या आकाराची गणिती प्रतिकृती) आधारलेली आहेत आणि आपल्या मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या प्रतिकृतीवर चालते. त्यामुळे जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे मोबाइलमध्ये घातले तर गोव्यात शंभर-दीडशे मीटरांचा फरक पडू शकतो. शेतातली पडकी विहीर शोधताना एवढा फरक भलत्याच कुंपणापाशी नेऊन सोडतो.

दोन काळ नीट बसले की फरकांची यादी करावी: काय नाहीसे झाले, काय नव्याने आले आणि काय जागच्या जागी राहून बदलले.

सांगे तालुक्यात सर्वांत मोठा फरक साळावली नदीवर दिसतो. जुन्या मोजणीत जिथे कुर्डी गावाची वस्ती, नदीकाठची शेती आणि वाड्यांना जोडणाऱ्या वाटा असतात, तिथे नंतरच्या पत्रकात साळावली धरणाचा निळा जलाशय पसरलेला आहे. कुर्डी हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. धरणासाठी तेथील कुटुंबे वाडे आणि वालकिणी या गावांतील वसाहतींत गेली, महादेवाचे प्राचीन मंदिर दगड न दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले आणि मातृदेवीचे भव्य शिल्प वेर्णे येथे हलवण्यात आले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की घरांची जोती आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि मूळ रहिवासी तिथे एकत्र येतात. जुने पत्रक हाती असेल तर त्या जोत्यांमधून जाणारी वाट कोणत्या वाड्याची होती आणि ती पुढे कुठल्या ओढ्यापाशी उतरत होती हे ओळखता येते. कुर्डीसारखे गाव ज्यांनी गमावले त्यांच्या नातवंडांसाठी हा नकाशा म्हणजे आपल्या घराचा पत्ता आहे आणि म्हणूनच हे काम मनापासून व काटेकोरपणे व्हायला हवे असे मला वाटते.

दुसरा फरक समोच्च रेषांत दिसतो. सांगे, केपे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींनी टेकड्यांचे आकारच बदलले. जुन्या पत्रकावर बंद वर्तुळांनी आणि माथ्यावरच्या उंचीच्या आकड्याने दाखवलेली टेकडी नव्या पत्रकात खड्डा झालेली असू शकते आणि शेजारी, पूर्वी सपाट असलेल्या जागी, मातीचा ढीग उभा राहिलेला असतो. असे आढळले तर टेकडीच्या उतारावरून उगम पावणाऱ्या ओढ्यांचे दोन्ही काळांतले प्रवाह गिरवून पाहावेत. कोणत्या वाड्याचा झरा कधी आटला, या गावकऱ्यांच्या आठवणीला इथे जागेचा आधार मिळतो.

तिसरा फरक दळणवळणाचा. मुरगाव बंदराला घाटमाथ्याशी जोडणारी रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाली आणि सावर्डे, काले, कुळे ही स्थानके तिच्याच मार्गावर आहेत. जुन्या पत्रकांवर ती मीटरगेजच्या चिन्हाने येते, नव्या पत्रकांवर ब्रॉडगेजच्या, आणि कोकण रेल्वेची रेषा जुन्या पत्रकांवर असणारच नाही, कारण ती १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. रेल्वेपूर्वीची वाहतूक शोधायची असेल तर दिगी आणि अनमोड या घाटांकडे चढणाऱ्या वाटांवर बोट ठेवून खाली यावे: वाट कुठे नदी ओलांडते, कुठे देऊळ किंवा तळे लागते आणि कुठे दोन वाटा मिळतात. अशा मिळणीच्या जागी मुक्कामाची ठिकाणे, बाजार किंवा जकातीचे नाके असण्याचा संभव मोठा. किनाऱ्याच्या तालुक्यांत हेच काम फेरीधक्क्यांवरून करता येते. मांडवीवरचा पहिला पूल १९७० चा आणि जुवारीवरचा १९८३ चा. त्याआधीच्या नकाशांत पणजी–बेती आणि आगशी–कुठ्ठाळी या फेऱ्यांच्या दोन्ही टोकांना रस्ते कसे येऊन थांबतात ते पाहिले की त्या गावांचे तेव्हाचे महत्त्व ध्यानात येते.

पाचवी पायरी : नकाशाला कागद जोडा

नकाशा जागा दाखवतो. मालक, वहिवाट आणि कारण तो सांगत नाही. त्यासाठी गोव्यात भूमी अभिलेखांचा उत्तम उपयोग होतो. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार झालेल्या मोजणीचे गावनिहाय आराखडे आणि एक-चौदाचे (सात-बारासारखे) उतारे सर्व्हे क्रमांकावरून मिळतात. उताऱ्यात कब्जेदार आणि कुळ यांच्या नावांखेरीज शेताचे नावही असते आणि नवख्याने तिकडे मुद्दाम पाहावे. खाजन (खाडीकाठची खारी सखल), खेर (रेताड), मोरड (उंचावरची) हे जमिनीचे प्रकार, तसेच भाट (नारळाची बाग), कुळागर (पोफळीची बाग), तळे, देऊळ, बांध यांचे उल्लेख या नावांत टिकून असतात. ज्या तुकड्यावर आज इमारती आहेत त्याचे नाव उताऱ्यात तळ्याचे असेल आणि जुन्या टोपोशीटवर तिथे निळा ठिपका असेल, तर दोन स्वतंत्र पुरावे एका जागी जुळतात.

खाजन जमिनींच्या गावांत कोमुनिदादीची, म्हणजे गावची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या गावकारी या जुन्या संस्थेची, कागदपत्रे पाहावीत. खारे पाणी थोपवणारे बांध आणि पाण्याची ये-जा नियंत्रित करणारी मानस यांची देखभाल परंपरेने गावकारीकडे होती. चोडण, दिवाडी आणि करमळी परिसरातील बांधांच्या रेषा जुन्या पत्रकांवर दिसतात आणि त्यांच्या आत नव्या पत्रकांवर खारफुटी दाखवली असेल तर तो बांध मधल्या काळात फुटला किंवा सोडून दिला गेला, असा तर्क करून त्या वर्षांचे कागद शोधता येतात.

मंदिरांच्या स्थलांतराचा अभ्यासही नकाशासह करावा. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. ही सहा ठिकाणे एका कागदावर मांडली की मधली जुवारी नदी आणि तिच्या पलीकडचा, त्या वेळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेला फोंडा महाल डोळ्यांसमोर येतो आणि देवता तिकडेच का नेल्या गेल्या हे भूगोलावरूनच उमगते.

सहावी पायरी : जागेवर जा

पावसाळा संपल्यावर, गवत वाळू लागले की बाहेर पडावे. सड्यावर चालताना जांभ्यात खोदलेल्या पायऱ्या, गाड्यांच्या चाकोऱ्या आणि विहिरींचे कठडे त्या दिवसांत चांगले दिसतात. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि भगवान महावीर ही अभयारण्ये असल्याने तिथल्या जुन्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. कुळागर आणि भाट खासगी असतात. मालकाला विचारून, शक्य तर त्यांनाच सोबत घेऊन जावे.

गावातील वयस्कर माणसांसमोर नकाशा पसरण्यापूर्वी त्यांना बोलू द्यावे. आधी नकाशा दाखवला की ते त्यावरचीच नावे वाचू लागतात आणि त्यांच्या मनातली नावे मागे राहतात. काका किंवा मावशी ज्या वाटेने लहानपणी शाळेत जात त्या वाटेचे वर्णन त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे, मग नकाशा उघडून ती वाट त्यांच्यासमवेत शोधावी. ते सांगतात ते नकाशात नसेल तर त्यांना खोडून काढू नये. १:५०,००० प्रमाणावर पुष्कळ गोष्टी मावतच नाहीत. रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथील प्रागैतिहासिक कातळचित्रे गावच्या लोकांना ठाऊक होती. अभ्यासकांपर्यंत ती १९९३ मध्ये पोहोचली. तोवर कोणत्याही मोजणीदाराच्या पत्रकावर त्यांना चिन्ह मिळालेले नव्हते.

सातवी पायरी : नोंद अशी ठेवा की दुसऱ्याला तपासता येईल

प्रत्येक जागेसाठी एक पान राखावे. त्यावर पत्रकाचा क्रमांक, मोजणीचे वर्ष, जागेचे अक्षांश-रेखांश आणि ते कोणत्या गोलाभावर आहेत, नकाशावरील चिन्ह, जागेवर प्रत्यक्ष काय दिसले, उताऱ्यातील सर्व्हे क्रमांक आणि शेताचे नाव, आणि माहिती सांगणाऱ्याची संमती असल्यास त्यांचे नाव लिहावे. पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने ठरवलेले हे तीन प्रकार वेगवेगळ्या शाईने लिहिले तर पुढे गोंधळ होत नाही. छायाचित्र घेताना कॅमेरा कोणत्या दिशेला होता तेही नोंदवावे. गुप्तधनाच्या नादाने देवस्थानांची आणि वीरगळांची नासधूस होते; म्हणून एकाकी जागेत उघड्यावर असलेल्या मूर्तींचे नेमके स्थान सार्वजनिक नोंदीत न देता ते पुरातत्त्व खात्याला कळवावे.

गावाचे काम पुरे झाले की नोंदींची एक प्रत पंचायतीच्या किंवा शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि मगच शेजारच्या गावाचे पत्रक उघडावे.